उंच कापायचं

बिरू, पहिली गोष्ट ही
की मे महिन्यात गवत बारीक कापायचं नाही.
शेठ म्हणतील, गालिच्यागत दिसू दे.
हो म्हणायचं,
आणि मशिनचं चाक दोन खाचा वर चढवायचं.
त्यांना हापिसात मशिनचा आवाज ऐकू जातो,
उंची मोजायला कुणी वाकत नाही.

पात्याची सावली पात्याच्याच बुडात पडली पाहिजे.
मातीला छत्री दुसरी कुठली देणार आपण?

हे पंधरा गुंठे. सहाशे खुर्च्या,
एक कारंजं, चालू कधी बघितलं नाही,
आणि एक बोअर,
अक्षय तृतीया झाली की खोकते जास्त, देते कमी.
कळंब्याचं तळं मागं सरकत सरकत
बाभळींच्या पार पलीकडं गेलंय.
पूर्वी इथून बदकं मोजता यायची.

पाणी पहाटे चारला. दुपारी पाईप धरलास
तर ऊनच पिऊन टाकतं, गवताला वास तेवढा मिळतो.
आणि रोज नाही. पाचव्या दिवशी, पण पोटभर.
हा जुना स्क्रूड्रायव्हर घे, खुपस.
मुठीपर्यंत सहज गेला तर थांब.
रोज वरवर शिंपडलं की मुळं वरच बसून राहतात,
आयतं ताट मिळालेल्या जावयासारखी.

मागल्या वर्षी शेठनी हिरवा रंग आणला होता, डबाच.
बारा तारखेचं लग्न, व्हिडिओवाला ड्रोन उडवणार होता.
मारला मी. काय करणार.
वरून पाचूसारखं दिसलं म्हणे.
करवलीच्या पांढऱ्या मोजड्या घोट्यापर्यंत हिरव्या झाल्या,
तिची आई शेठशी भांडली, शेठ माझ्याशी,
मी कुणाशी भांडू?
त्या रंगाखालून नवा कोंब यायला
गौरी-गणपती उजाडले.

आचाऱ्याकडं लक्ष ठेव.
भाताची उकळती पेज नजर चुकवून गवतावर ओततात.
तो बघ स्टेजच्या मागं पराती एवढा गोल.
बर्फाच्या लाद्या उतरल्या की त्यांच्याखाली घमेली सरकव,
वितळलेलं पाणी कडेच्या पट्ट्याला.
वऱ्हाडाला थंडावा, आपल्याला चार बादल्या.

हे सगळं सांगताना बिरू
काडी चावत उकिडवा बसलेला.
पट्टणकोडोलीकडचा पोरगा, सतरा वर्षांचा,
घरची मेंढरं विकल्यावर इथं आलेला.
म्हटलं, कळतंय का काय?

म्हणाला, दस्तगीरचाचा,
आमचा आज्जा मेंढराला दुसरा घास घेऊ देत नाही.
एका जागी एक घास, की हाकायची पुढं.
बुडखा राहिला तर परतताना चारा असतो,
बुडखा खाल्ला तर परतताना धूळ.

मशिन बंदच होतं तरी मी त्याचा खटका परत दाबला.
अकरा वर्षं.
अकरा वर्षांत चार मालक, दोन पाती, एक पाठीचा मणका घालवून
मी जे शिकलो
ते ह्याच्या घरी मेंढरांना माहीत होतं.

मग त्यानं तो स्टेजमागचा पिवळा गोल गाठला,
चिमटीत पाच-सहा काड्या धरून ओढल्या.
हातात आल्या.
हे गेलं, म्हणाला.
दोन हात सरकून परत ओढलं. आलं नाही.
हे झोपलंय.
मी सांगायच्या आधीच.

आज दोन लग्नं. दुपारचं चौगुल्यांचं,
रात्रीचं कुणाचं ते फलक आल्यावर कळेल.
मांडववाले बांबू घेऊन आलेत,
खड्डे कुठं घ्यायचे विचारतायत.
बिरू जाऊन उभा राहिलाय त्यांच्या पुढ्यात,
जिथं ओढल्यावर आलं नाही, नेमका तिथं,
आणि हात करून दाखवतोय:
इकडं नको, तिकडं घ्या,
त्या मेलेल्या गोलात.